उरलेल्या गोळ्या

आमच्या सावेडीच्या घरात, देवघराखालच्या फळीवर, श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. घरातल्या सगळ्या दुखण्यांची उरलीसुरली औषधे त्यात जमा होत आली. खोकल्याच्या बाटलीबरोबर आलेले प्लास्टिकचे टोपण, कधीकाळी मुरगळलेल्या पायासाठी आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, निम्मी रिकामी झालेली प्रतिजैविकांची पाकिटे. मराठी मध्यमवर्गीय घरात अन्न टाकवत नाही तसे औषधही टाकवत नाही. पैसे मोजून आणलेली वस्तू, पुढेमागे कुणाच्या तरी उपयोगी पडेल, या भावनेने ती ठेवली जाते. या भावनेत वाईट काही आहे असे आम्हांला २०१६ सालापर्यंत वाटले नव्हते.

आम्ही दोघे नगरच्या महाविद्यालयांतून मराठी शिकवतो. (शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, बोलताना अजून जुनेच तोंडात येते.) त्या वर्षी ऑगस्टमध्ये परळला नातेवाइकांकडे आठवडाभर राहण्याचा योग आला. भोवताली जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहत होत्या. खड्ड्यांतून, उघड्या टाक्यांतून, स्लॅबवर पाणी साचलेले होते. परतल्यावर पंधरा दिवसांनी आमच्यापैकी एकाला ताप आला. कोणाला, हे येथे महत्त्वाचे नाही. पुढे जे घडले त्यात आम्ही दोघेही सारखेच भागीदार होतो.

हिवताप हा शब्द आम्ही आयुष्यभर वापरला, पण त्यातले 'हीव' त्या दिवशी कळले. सप्टेंबरच्या दुपारी, पाइपलाइन रोडवरचा डांबरी रस्ता तापलेला असताना, अंगावर दोन गोधड्या आणि वर सतरंजी घालूनही दातावर दात आपटत होते. पलंग हलत होता. तासाभराने हुडहुडी थांबली, अंग भट्टीसारखे तापले, मग दरदरून घाम आला आणि संध्याकाळी माणूस उठून चहा पिऊ लागला. दुसरा दिवस अगदी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी, जवळजवळ त्याच वेळी, पुन्हा हीव. आपल्या जुन्या वैद्यकाने विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चातुर्थक असे प्रकार केले आहेत. पदव्युत्तर वर्गात पारिभाषिक संज्ञा शिकवताना ही नामावळी आम्ही नमुना म्हणून सांगत असू. तृतीयक म्हणजे एक दिवस सोडून येणारा. डास आणि जंतू यांचा संबंध ठाऊक नसलेल्या माणसांनी केवळ दिवस मोजून केलेले हे वर्गीकरण किती अचूक आहे, हे तापात पडून कळले.

डॉक्टरांनी अंदाजाने औषध दिले नाही. आधी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतले. संध्याकाळी अहवाल आला: प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स. मग चिठ्ठीवर दोन नावे उतरली. पहिले क्लोरोक्विन: पहिल्या दिवशी चार गोळ्या, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन. दुसरे प्रायमाक्विन: रोज दोन बारीक गोळ्या, चौदा दिवस. वजन आणि वय पाहून ही मात्रा ठरवल्याचे त्यांनी सांगितले. दोन्ही औषधे भरल्या पोटी घ्यायची. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती मात्रा वाया गेली असे समजून कळवायचे. लघवीचा रंग गडद दिसू लागला तर गोळ्या तिथल्या तिथे थांबवून तडक यायचे. आणि शेवटी, चिठ्ठी हातात देताना: "ताप तीन दिवसांत जाईल. गोळ्या मात्र चौदा दिवस घ्यायच्याच."

या दोन औषधांची कामे वेगळी आहेत. क्लोरोक्विन रक्तातील जंतू मारते, म्हणून ताप उतरतो. पण व्हायव्हॅक्सचे काही जंतू रक्तात न येता यकृताच्या पेशींत निजून राहतात. आठवडे, कधी महिने. तिथे क्लोरोक्विनची मात्रा चालत नाही. त्या निजलेल्या जंतूंपर्यंत पोचणारे औषध म्हणजे प्रायमाक्विन. ते घेताना रुग्णाला बरे वाटण्यासारखे काहीच घडत नाही, कारण तो आधीच बरा दिसू लागलेला असतो. ज्याचा परिणाम जाणवत नाही असे औषध अकरा दिवस विश्वासावर घ्यायचे, हीच या उपचारातली अवघड गोष्ट.

मराठीत 'ताप उतरला' असे आपण म्हणतो आणि 'दुखणे गेले' असेही म्हणतो. या दोन क्रियापदांमधले अंतर आम्हांला कळायला हवे होते. तो आमचा व्यवसायच. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही दुखणे गेले असे धरून चाललो. सत्र परीक्षांचे दिवस होते. सकाळी घाईत रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की पोटात कळ येई. घरातल्या वडीलधाऱ्यांनी निर्णय दिला, "उष्ण पडतायत त्या. गुलकंद खा, आणि आता पुरे करा." आम्ही गुलकंद खाल्ला आणि पाचव्या दिवशी पुरे केले. अठ्ठावीसपैकी दहा गोळ्या संपल्या होत्या. उरलेल्या अठरा श्रीखंडाच्या डब्यात गेल्या.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी तेव्हा भिस्तबागेच्या पलीकडे एका खोलीत राहत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी त्या उशिरा आल्या. "पोराला ताप हाये सर, दोन दिस झाले. थंडी वाजतीय." मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. थंडी वाजून ताप म्हटल्यावर आम्हांला वेगळा विचार सुचलाच नाही. आम्ही नुकतेच त्यातून उठलो होतो, त्या तापाचे जाणकार होतो. 'रक्त तपासून घ्या' असे आम्ही म्हणालोही, पण त्याच वाक्यात डबा उघडून पाकिटे त्यांच्या हातावर ठेवली. "हीच औषधं आहेत त्यावरची. रोज दोन, जेवणानंतर." त्यांचा एक दिवसाचा खाडा आणि दवाखान्याचा खर्च वाचवल्याचे समाधान आम्हांला दिवसभर पुरले.

एका पाकिटाचा शोध त्या डब्यात घेतला असता तर दिसले असते की, क्लोरोक्विन संपलेले होते. ताप उतरवणारे औषध आम्ही दिलेच नव्हते. मुलाला हिवताप असता तरी या एकट्या गोळीने त्याचा ताप थांबला नसता. आणि त्याला हिवताप नव्हताच.

चौथ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. मुलगा शाळेतून आला तो भिंतीला धरत. डोळे पिवळे पडले होते, आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळी होत होती. आम्ही रिक्षा करून गेलो आणि त्याला रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारले, "कोणती गोळी चालू आहे?" मावशींनी कनवटीतून पाकीट काढून दिले. त्यांनी नाव वाचले, मागची बाजू वाचली. "हे कुणी दिलं?"

मावशी आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, "मेडिकलातून आणलं."

डॉक्टर बाई त्यांच्यावर रागावल्या. चिठ्ठीशिवाय, तपासणीशिवाय अशी गोळी लेकराला कशी देता, जीव गेला असता, तुम्ही शिकलेल्या नसाल पण विचारायचं तरी कुणाला. मावशी मान खाली घालून ऐकत राहिल्या. आम्ही दोघे, मराठीचे एम. ए., वीस वर्षे लोकांना बोलायला आणि लिहायला शिकवणारे, तिथे उभे होतो. आमच्या तोंडून शब्द फुटला नाही.

रक्ताची एक बाटली चढवावी लागली. गोळी बंद झाल्यावर आठवडाभरात मुलगा सावरला. रक्तात हिवतापाचे जंतू सापडले नाहीत. साधा विषाणूचा ताप असावा, तो आपोआप गेला होता. मुलाच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी या नावाचे विकर जन्मतः कमी असावे, असा डॉक्टर बाईंचा तर्क होता. हे विकर पेशींचे एका प्रकारच्या रासायनिक झिजेपासून रक्षण करते. ते कमी असलेला माणूस एरवी धडधाकट असतो. पण प्रायमाक्विनसारखे औषध पोटात गेले की त्याच्या तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि मुलग्यांत अधिक आढळतो. लगेच तपासणी केली तर ती फसवू शकते, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि ताज्या पेशींत विकर पुरेसे भरते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बोलावले. जानेवारीत तपासणी झाली आणि तर्क खरा ठरला.

या दोषाचा शोध कसा लागला ते आम्ही नंतर वाचले, आणि ते वाचून बरे वाटले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हिवतापावरील औषधांच्या चाचण्या इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर सुरू केल्या. कोरियातील युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना पुढे प्रायमाक्विन देण्यात आले. काही माणसांच्याच रक्तपेशी या औषधाने का फुटतात, या प्रश्नाचे उत्तर त्याच तुरुंगातील अभ्यासातून १९५६ साली मिळाले: कार्सन, आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकराची उणीव दाखवून दिली. म्हणजे कैद्यांच्या रक्तातून काढलेले हे ज्ञान साठ वर्षे जगात उपलब्ध होते, आणि आमच्या चिठ्ठीवर 'लघवीचा रंग पाहा' या साध्या वाक्याच्या रूपाने ते आमच्या घरातही आले होते. आम्ही ते स्वतःपुरते ऐकले. गोळ्या दुसऱ्याला देताना ते वाक्य त्यांच्याबरोबर दिले नाही.

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या मध्यावर एका दुपारी पुन्हा तेच हीव, तेच दातावर दात. या वेळी आम्ही मुंबईला गेलो नव्हतो. पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेली पिंपे आणि गच्चीवरची टाकी यांच्याकडे आम्ही संशयाने पाहिले, पण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "चौदा दिवस पूर्ण केले होते?" यकृतात निजलेले जागे झाले होते. तेव्हा आम्हांला हिशेब दिसला. ज्या अठरा गोळ्या आमच्या पोटात जायच्या होत्या, त्यातल्या काही त्या मुलाच्या पोटात गेल्या. त्यांनी आमचे दुखणे घालवायचे राहिले आणि त्याला नसलेले दुखणे दिले.

या दुसऱ्या दुखण्यात वाचनाला वेळ मिळाला. आपल्या देशाची कथाही आमच्यासारखीच निघाली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीची फवारणी, घरोघर फिरून ताप विचारणारे कर्मचारी, भिंतीवर खडूने टाकलेल्या तारखा. आमच्या लहानपणीच्या खेड्यांतही त्या दिसत. साठीच्या दशकाच्या मध्यास रुग्णांची संख्या लाखभरावर आली. ताप उतरला होता. मग पैसा आटला, दक्षता सैलावली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले. १९७६ साली रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. देशानेही चौदापैकी पाच दिवसच गोळ्या घेतल्या होत्या म्हणायच्या.

दरम्यान जंतूही शिकत होते. १९३४ साली जर्मनीत तयार झालेल्या क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपेरम जातीचा जंतू भारतात प्रथम १९७३ साली आसामात आढळला. अपुऱ्या मात्रेतून जे जंतू जगतात-वाचतात, त्यांचीच वीण पुढे वाढते. म्हणून आज फॅल्सिपेरमसाठी दोन औषधांची जोडी देतात. त्यातले एक तू यूयू या चिनी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकाच्या आरंभी शोधलेल्या आर्टिमिसिनिनच्या कुळातले असते. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी ग्रंथात वनस्पती थंड पाण्यात भिजवून रस पिळण्याची सूचना होती. ती वाचून, उकळण्याने औषधी गुण नष्ट होत असावा, हे त्यांच्या ध्यानी आले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. जुना मजकूर सावकाश वाचण्याचे फळ म्हणून हे उदाहरण आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. सांगताना स्वतःचे वाचन आठवते. हे औषध एकटे वापरले तर जंतू त्यालाही सरावतील, म्हणून त्याची एकटी गोळी देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ सालीच बजावले आहे.

२०२० च्या मार्चमध्ये हा सगळा प्रकार मोठ्या प्रमाणावर पुन्हा पाहायला मिळाला. क्लोरोक्विनचे भावंड असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन करोनावर चालते अशी हवा उठली आणि सहकाऱ्यांचे फोन येऊ लागले: तुमच्याकडे मलेरियाच्या गोळ्या उरल्या असतील ना? आमवाताचे आणि ल्युपसचे रुग्ण ज्या गोळीवर जगतात ती दुकानांतून दिसेनाशी झाली. हृदयाची लय बिघडवू शकणारे हे औषध सुशिक्षित माणसे ऐकीव मात्रेने घेत होती. त्याच जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की, रुग्णालयातील करोनाग्रस्तांना त्याचा लाभ होत नाही. आम्ही प्रत्येकाला एकच उत्तर दिले की, आमच्याकडे काही उरत नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. पण दोनदा तापून आणि एकदा गप्प राहून जे शिकलो ते सांगायला हरकत नसावी. थंडी वाजून आलेला प्रत्येक ताप हिवताप नसतो. डेंग्यू असतो, विषमज्वर असतो, साधाही असतो. रक्त तपासल्याशिवाय गोळी नको. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात. जंतूची जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही. प्रायमाक्विन गरोदर स्त्रीला आणि तान्ह्या मुलाला देत नाहीत, आणि ज्याच्या घरात जी-सिक्स-पीडीची उणीव माहीत आहे त्याने ते आधी सांगायचे. एका मात्रेत चौदा दिवसांचे काम करणारे टॅफेनोक्विन हे औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. ते देण्यापूर्वी तर ही तपासणी अनिवार्यच असते. क्लोरोक्विन लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. मोठ्याला सोसणारी मात्रा लहानग्याच्या जिवावर उठते. तापात शुद्ध हरपू लागली, झटके आले, धाप लागली, पोटात काही ठरेना, तर तोंडावाटे गोळ्यांची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही. 'मात्रा' हा शब्द आपण छंदातही वापरतो. एक कमी झाली की ओळ लंगडते, एक जास्त झाली तरी लंगडते. औषधाच्या मात्रेत ती कोणाच्या तोंडची, हेही पाहावे लागते.

राहिले ते त्या दिवशीचे मौन. रुग्णालयाचा खर्च आम्ही केला होता आणि मावशी ते उपकार म्हणून सगळ्यांना सांगत होत्या. 'पोराच्या रक्तात दोष निघाला,' एवढेच त्यांच्या वस्तीत पसरले, आणि तो दोष आईकडून येतो हे कळल्यापासून त्या स्वतःलाच दोष देत होत्या. आमच्या दुसऱ्या दुखण्यात एका सकाळी आम्ही त्यांना बसायला सांगितले आणि सगळे सांगितले: रक्तातली उणीव जन्माची आहे, ती गुन्हा नव्हे, तिच्यासह माणूस शंभर वर्षे जगतो, लेकराला आजारी पाडले ते आमच्या गोळ्यांनी, आणि त्या दिवशी बोलायला हवे होते ते आम्ही. त्या बराच वेळ लादीकडे पाहत राहिल्या. "मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आन् बाकीच्या कुठं हायेत? घरात नगा ठेवू त्या." त्यांच्याकडच्या उरलेल्या गोळ्याही त्यांनी पदराच्या गाठीतून काढून ओट्यावर ठेवल्या. त्या आम्ही औषधाच्या दुकानात नष्ट करण्यासाठी परत दिल्या. पुढच्या रविवारी आम्ही दोघे त्या डॉक्टर बाईंना भेटून आलो. त्यांनी ऐकून घेतले आणि मावशींवर विनाकारण रागावल्याबद्दल निरोप दिला. तो आम्ही जसाच्या तसा पोचवला.

त्यांचा मुलगा आता सुपे एमआयडीसीत कामाला आहे. त्याच्या खिशात एक कार्ड असते. वर जी-सिक्स-पीडीची उणीव असल्याची नोंद, खाली डॉक्टर बाईंनी सांगितलेली, टाळायच्या औषधांची यादी: प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन आणि आणखी काही. मजकूर त्यांचा, हस्ताक्षर आमचे. गेल्या वर्षी त्याला ताप आला तेव्हा त्याने डॉक्टरांसमोर बसताच आधी ते कार्ड काढून ठेवले, असे मावशींनी सांगितले. सांगताना त्या भांडी घासत होत्या आणि त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिले.

श्रीखंडाचा डबा अजून त्याच फळीवर आहे. त्यात आता सुईदोरा ठेवतो.